रामटेके बाईंचा शब्द

मागच्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता, 'संस्थेतील बदल आणि पारदर्शक संवाद'. शिकवायला नागपूरहून एक तरतरीत मुलगी आली होती. तिनं पडद्यावर चित्रं दाखवली, आम्हाला गटागटांत बसवलं आणि रंगीत कागदांवर आमच्या भावना लिहायला लावल्या. मी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारा माणूस. तीस वर्षांत माझी भावना कुणी विचारली नव्हती, त्यामुळे माझा कागद कोराच राहिला. जेवण मात्र चांगलं होतं. शेवटी तिनं विचारलं, "तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का, जे बदलाच्या काळात लोकांशी नेहमी खरं बोललं?"

जुने आम्ही चार-पाचच उरलो आहोत. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. स्वयंपाकघरातल्या गिरजाबाईनं पदर डोळ्याला लावला, आणि त्या मुलीला वाटलं की आपल्या शिकवण्याचा परिणाम झाला.

त्या मुलीला सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

सुलोचना रामटेके आमच्या दवाखान्याच्या इनचार्ज नर्स होत्या. सावली या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाच्या कडेला, एका ट्रस्टनं चालवलेला तीस खाटांचा दवाखाना. डॉक्टर येत आणि जात. बाई होत्या तिथंच होत्या. त्यांना कुणी सिस्टर म्हटलेलं चालत नसे. "मी कोनाची सिस्टर नाई, बाई म्हना," असं त्या नव्या डॉक्टरांनासुद्धा सुनवायच्या. ठेंगणा बांधा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खिशात फुटाणे. बोलता बोलता समोरच्याच्या हातावर चार फुटाणे ठेवायच्या, मग तो माणूस रडत असो की भांडत असो. मी आयुष्यात जितक्या शिव्या खाल्ल्या असतील, त्यातल्या निम्म्या बाईंच्या, आणि प्रत्येकीबरोबर फुटाणे.

दवाखान्यात नर्सेसची पाळी बदलताना जी माहिती एकीनं दुसरीला द्यायची असते तिला ओव्हर म्हणतात. इतर ठिकाणी हा ओव्हर टेबलाशी, हळू आवाजात, निम्मा इंग्रजीत होतो. बाईंनी तो खाटेपाशी नेला होता. पेशंटसमोर, मोठ्यानं, त्याला कळेल अशा भाषेत. "त्याचं आंग आहे, त्याले मालूम नोको का?" असं त्यांचं म्हणणं. आणि एक नियम होता, त्यात सूट नव्हती. पाहिलेलं असेल ते पाहिलं म्हणून सांगायचं. ऐकलेलं असेल ते कुणाकडून ऐकलं त्याच्या नावासकट सांगायचं.

मी नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे नाटक पाहिलं. एका पोरसवदा नर्सनं ओव्हर देताना सांगितलं, "पाच नंबर, झोप चांगली झाली."

"तू पाह्यलं?"

"त्याच्या बायकोनं सांगतलं जी."

"मंग बायकोनं सांगतलं म्हन ना."

पाच नंबरचा म्हातारा उशीवरून डोकं उचलून म्हणाला, "बाई, मी रातभर जागा होतो. बायकोच घोरत होती." सगळा वॉर्ड हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या नर्सकडून पहिल्यापासून पुन्हा ओव्हर घेतला आणि मग तिच्या हातावर फुटाणे ठेवले.

हा नियम त्यांनी आणला कुठून, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांचा आजा गावचा कोतवाल होता. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली; पण त्याआधी आज्यानं अर्धं आयुष्य दवंडी देण्यात काढलं होतं. "आजा सांगे, निरोप जसा भेटला तसाच पोचवाचा. त्याच्यात आपला एक शब्द नाई घालाचा. लोक आपल्या तोंडाकडं पाहून बैल सोडते, पेरनी करते," असं बाई म्हणाल्या. मी तेव्हा लॅबची काच पुसत होतो. हूं म्हटलं आणि पुसत राहिलो.

माझ्यावर हा नियम चालला तो प्रसंग माझ्या बदनामीचा आहे, पण सांगतो. एकदा दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडून बदलल्या. एका धडधाकट शेतकऱ्याला मी कागदावर कावीळ लावली आणि कावीळवाल्याला सोडून दिलं. औषध सुरू व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं. मी गुपचूप नवीन कागद करून जुना खिशात घालणार, तोच बाई दारात. त्यांना काय वास लागायचा कोण जाणे. त्यांनी मला हाताला धरून त्या शेतकऱ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हे आमचे लॅबवाले भाऊ. ह्याइले तुमाले काई सांगाचं आहे." मी कसंबसं सांगितलं. तो माणूस बाही वर करून म्हणाला, "घ्या जी, अजून घ्या रगत. पन या खेपेले नाव वाचून लिवजा." बाहेर आल्यावर मी बाईंवर चिडलो, चारचौघांत अब्रू घालवली म्हणालो. बाई म्हणाल्या, "झाकलं का सडते, भाऊ. मलमपट्टी करताना रोज पाहतो मी."

आणि वाघाचं प्रकरण. आमच्याकडे वाघ ही काही बातमी नव्हे, पण त्या वर्षी तो दवाखान्यामागच्या नाल्यापर्यंत यायला लागला. पेशंटचे नातेवाईक मागच्या शेडमध्ये चूल मांडून राहायचे आणि त्याच नाल्यावर धुणं-भांडी करायचे. ट्रस्टचे सचिव म्हणाले, "सांगू नका, लोक घाबरतील, पेशंट उचलून नेतील." बाई त्यांच्यासमोर मान हलवून निघाल्या त्या थेट शेडमध्ये. "घाबरू द्या न जी. घाबरलेला मानूस जपून चालते," असं जाता जाता म्हणाल्या. शेडमध्ये त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. पंजे कुठं दिसले, कुणी पाहिले, काल सकाळी पाहिले, आज वाघ कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बस, एवढंच. एकही पेशंट गेला नाही. बायांनी आपसात ठरवून घेतलं आणि आठ-आठच्या घोळक्यानं, काठ्या आपटत नाल्यावर जायला लागल्या. सचिव नंतर सगळ्यांना सांगत फिरले की ही योजना त्यांची.

मग ट्रस्टचे जुने लोक एकेक करून थकले, काही गेले, आणि दवाखाना एका मोठ्या संस्थेकडे सोपवायचं ठरलं. कागदपत्रं व्हायला वर्षभर लागणार होतं. ते वर्ष वाईट होतं. रोज नवी आवई उठे. कुणी म्हणे सगळ्यांना काढणार, कुणी म्हणे इथं फक्त औषधाचं दुकान राहणार. बाळंतपणाचा वॉर्ड बंद होणार, ही आवई तर दर बाजाराच्या दिवशी नव्यानं ताजी होऊन यायची. लोक कामावर येत, पण लक्ष नसे. स्वयंपाकघरात दोनदा वरण करपलं.

बाईंनी सोमवारची बैठक सुरू केली. गरोदर बायांना आहार शिकवायचा फळा ओढून व्हरांड्यात आणला. त्यावर एका बाजूला नक्की कळलेलं आणि दुसऱ्या बाजूला अजून न कळलेलं लिहायच्या. न कळलेल्याची बाजू नेहमी जास्त भरलेली असे. त्या संस्थेनं पाठवलेले नवे मॅनेजर, चांगला शिकलेला, गोड बोलणारा तरुण माणूस, त्यांना हे आवडलं नाही. 'माहीत नाही' असं लिहून तुम्ही लोकांचा धीर घालवता, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, मालूम नाई हे तरी खरं मालूम आहे न." मी तेव्हा मनातल्या मनात टाळी वाजवली होती. आवया खरंच कमी झाल्या. कुणी काही ऐकून आलं की दुसरा म्हणायचा, फळ्यावर आहे का? नसलं तर ती गोष्ट तिथंच बसायची.

आता शेवंताचं सांगायला हवं. शेवंता बाळंतपणाच्या वॉर्डातली आया. विधवा, एक मुलगी, प्रणाली, तेव्हा दहावीत. आमच्या भागातल्या शेकडो पोरांना जगात आल्यावर पहिला हात शेवंताचा लागलेला आहे. बाळंतीण घाबरली की शेवंता तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणायची आणि ती शांत व्हायची. काय गुणगुणते ते डॉक्टरांनाही कधी कळलं नाही. बाई आणि ती वीस वर्षं एका ताटात जेवल्या. प्रणालीला नर्स करायचं हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. पोरगी रविवारी बाईंच्या क्वार्टरवर येऊन अभ्यास करायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओव्हर देऊन दाखवायची.

त्या वर्षी शेवंताच्या गावात अंगणवाडी मदतनिसाची जागा निघाली आणि तिची निवड झाली. सोमवारपर्यंत रुजू व्हायचं होतं. नाही झाली तर यादीतल्या पुढच्या बाईला जागा. शनिवारी दुपारी ती वॉर्डात आली. बाई ट्रे लावत होत्या, मी रिपोर्ट द्यायला आलो होतो.

"बाई, खरं सांगा जी," शेवंता म्हणाली. "आपला वार्ड राह्यते का नाई? नसन राह्यत तर मी जातो अंगनवाडीत."

बाईंचे हात थांबले. आदल्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं होतं की वॉर्ड चालू राहणार, मी शब्द देतो. फक्त फळ्यावर लिहू नका, वरून कागद यायचा आहे. पण माणसं टिकवून ठेवा, आत्ता माणसं गेली तर वॉर्ड कसा चालवणार? हे बाईंनीच मला सकाळी सांगितलं होतं, आणि मॅनेजर म्हणाले असं म्हणूनच सांगितलं होतं. शेवंतालाही तसंच सांगितलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण समोर शेवंता होती. तिच्याशिवाय तो वॉर्ड चालणार नव्हता, आणि तिच्याशिवाय बाईंनाही करमणार नव्हतं. वीस वर्षांची सवय असते माणसाला. बाई म्हणाल्या, "राह्यते वार्ड. कुठी जाऊ नोको. मी सांगून राह्यली न."

शेवंतानं दुसरा प्रश्न विचारला नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे संपलं. ती हसली आणि बाळंतिणीचं पाणी तापवायला गेली.

मी विचारलं, "बाई, कागद पाह्यला का तुमी?"

बाई माझ्यावर ओरडल्या. "दरेक गोष्टीचा कागद पाहाचा रायते का भाऊ? मानसाच्या शब्दाले काई किंमत आहे का नाई?" त्या दिवशी फुटाणे मिळाले नाहीत. मी रिपोर्ट ठेवला आणि निघून आलो. मला वाटलं, बाई आहेत, त्यांना कळतं. ज्या बाईनं मला त्या शेतकऱ्यासमोर उभं केलं, तिला मी शेवंतासमोर उभं करायला पाहिजे होतं. मध्ये अख्खा रविवार होता. मी रविवारी मासोळी खाऊन झोपलो.

चार महिन्यांनी कागद आला. बाळंतपणाचा वॉर्ड बंद. अशा केसेस जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायच्या. पाच जणांची नावं कमी केलेली होती, त्यात शेवंता पहिली. बाईंचं नाव नव्हतं; उलट त्यांना बढती होती. मॅनेजर म्हणाले, "परिस्थिती बदलली. मी बोललो तेव्हा मलाही तसंच सांगण्यात आलं होतं." हे खरंही असेल. मला त्या माणसाचा राग धरता येत नाही याचाच जास्त राग येतो.

त्या सोमवारी बैठक झाली. बाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या, पण खडू हातात घेतला नाही. "साहेबानं मले सांगतलं होतं. कागद मी पाह्यली नव्हती," त्या म्हणाल्या. "तरी शेवंताले मी पाह्यल्यावानी सांगतली. साहेबाची चूक किती, ते साहेब पाहीन. माही चूक मी तुमाले सांगून राह्यली. शेवंताची नोकरी माह्या तोंडानं गेली."

शेवंता खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या जी बाई. तुमी का मुद्दाम केलं?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाईंनी राजीनामा दिला. मी त्यांच्या क्वार्टरवर जाऊन भांडलो. तुमच्या राजीनाम्यानं शेवंताचं काय भलं होणार आहे, असं विचारलं. त्या भांडी बांधत होत्या. "काईच नाई," त्या म्हणाल्या. "पन उद्या एखाद्या पोरीले मी कोन्या तोंडानं इचारू, तू पाह्यलं का म्हनून?" भांड्यांचं पोतं मीच मोटारीत चढवून दिलं.

त्या सावलीला माहेरच्या घरी राहायला गेल्या. अंगणवाडीची जागा भरली गेली होती. तिथं लागलेली यादीतली पुढची बाई गरीब होती, नियमानं आली होती, तिला कोण काय म्हणणार? शेवंतासाठी बाईंनी किती दारं वाजवली ते मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. आश्रमशाळा, राइस मिल, शाळेची खिचडी. बाई कधी स्वतःसाठी कुणाच्या दारात उभ्या राहिल्या नव्हत्या. कुठंच जमलं नाही. दर बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन शेवंताच्या गावाला जायच्या. शेवंता चहा करायची, दोघी बसायच्या, आणि एसटीची वेळ झाली की बाई उठायच्या. गिरजाबाई त्याच गावची. ती सांगायची, दोघी फार काही बोलत नसत. शेवंताला राग नव्हता. फक्त पूर्वी ती बाईंना सगळं विचारायची, आता काहीच विचारत नव्हती.

दुसऱ्या वर्षी शेवंता मिरची तोडायला तेलंगणात गेली. आमच्याकडच्या गावोगावच्या बाया जातात. महिना-दीड महिना शेतातच पाल टाकून राहायचं, हातांची आग होते, डोळे सुजतात, आणि परत आल्यावर घर दोन महिने चालतं. शेवंता पन्नाशीला आलेली. ज्या हातांनी पोरं झेलली त्या हातांवर फोड घेऊन ती परत आली. बाईंनी आठ दिवस तिथं राहून मलम लावलं.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, सावलीच्या स्टँडवर. सकाळचे आठ वाजले असतील. मी गडचिरोलीला जायला निघालो होतो. रस्त्यापलीकडे मिरचीला जाणाऱ्या बायांची गाडी उभी होती. मागे गाठोडी, भांडी, तांदळाची पोती, आणि त्यावर दाटीवाटीनं बाया. खाली शेवंता उभी होती आणि तिच्याजवळ बाई. बाई फार वाळल्या होत्या. बूट तेच, पण सैल झालेले. त्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि मलमाच्या डब्या काढून तिच्या हातात देत होत्या आणि कधी काय लावायचं ते सांगत होत्या. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात बाईंनी वर पाहिलं. गाठोड्यांवर प्रणाली बसली होती.

"हे काऊन वर बसली?" बाईंचा आवाज रस्त्याच्या अलीकडेही आला. "शेवंता, पोरीची बारावीची परीक्षा आहे न या महिन्यात!"

शेवंता म्हणाली, "या साली राहू द्या जी. एकट्या माह्या हातानं नाई भागत."

"उतरव तिले. मी ठेवतो माह्याजवळ. आत्ता उतरव."

"अन् माह्यासंग कोन रायते, बाई? मागच्या खेपेले तीन दिवस तापानं पडली होती मी. पानी द्याले कोनी नव्हतं."

हे बाईंना माहीत नव्हतं. शेवंतानं ते त्यांना वर्षभर सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हर आपल्या जागेवर येऊन बसला. शेवंता चढली. प्रणालीनं वरून वाकून विचारलं, अगदी मोकळ्या आवाजात, "बाई, पुढच्या साली देतो मी परीक्षा. मंग होईन न जी माहं नर्सिंग? तुमी सांगा, होईन न?"

बाईंनी तोंड उघडलं. शेवंतानं वरून वाकून त्यांचा हात धरला आणि हळू म्हणाली; पण गाडीतल्या बाया गप्प झाल्या होत्या, म्हणून मला ऐकू आलं.

"तुमी काई नोका सांगू जी बाई. पोरगी अजून तुमच्या शब्दावर चालते."

बाईंनी तोंड मिटलं. गाडी हलली. पोरगी मागे वळून अजून उत्तराची वाट पाहत होती, आणि बाईंना ते पाहवलं नाही की काय, त्यांनी नुसता हात वर केला. निरोपाचा हात होता तो. पोरीला तो होकार वाटला असावा, कारण ती हसली, आणि आईच्या खांद्याला धरून तिला काहीतरी सांगायला लागली.

बाईंचा हात वरच राहिला होता. मग त्यांनी तो घाईनं खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. गाडी वळणापलीकडे गेली तरी त्या तशाच उभ्या होत्या. माझी एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?